जनरेटरवर हार्ड डिस्क लावायच्या आधी हे वाचा

इगतपुरीच्या फार्महाऊसवर दोन दिवसांचं लग्न, लाईटचा भरवसा नाही, रात्रभर जनरेटरवर लॅपटॉप आणि हार्ड डिस्क लावून डेटा कॉपी करू का, हे तुमचं वाचलं आणि माझी त्र्यंबक रोडच्या लॉनवरची रात्र आठवली. मीही नाशकात लग्नंच शूट करतो.

स्पाइक गार्ड लावलाय ना, मग काय होतंय, असं मलाही वाटायचं. रात्री दहाला स्टेजमागचा बल्ब एकदम पांढराफटक झाला आणि तिकडे जेवणाच्या पंगतीतला पंखा रडत फिरायला लागला, मी आपला खूश की उजेड वाढला! थ्री फेज (तीन वेगळ्या लाईनी देणाऱ्या) जनरेटरचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, ढिला झाला होता. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी त्याचं व्होल्टेज चढतं, 230 चं 300 च्या वर सहज जातं. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका खातो, असं टिकून राहिलेलं व्होल्टेज नाही. आधी वास आला, मग डिस्कचं अ‍ॅडॉप्टर गेलं, सोबत डिस्कही. हळदीची एकुलती एक कॉपी त्यातच, ही चूक शंभर टक्के माझी.

पण खरा मनस्ताप सर्व्हिस सेंटरचा. "बघतो" म्हणून बावीस दिवस डिस्क ठेवून घेतली, चार चकरा मारायला लावल्या आणि शेवटी "बर्न आहे, वॉरंटीत नाही" लिहून तशीच परत. अहो मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना, मी रिकव्हरीवाल्याकडे गेलो असतो, तोपर्यंत नवरीकडचे रोज फोन करत होते. जाऊ द्या.

आता मी रात्री लॅपटॉप बॅटरीवरच चालवतो आणि त्याच्याच यूएसबीवर चालणारी छोटी डिस्क वापरतो, वेगळं अ‍ॅडॉप्टरच नको. दोन कॉपी, दोन बॅगांत. चार्जिंग करायचंच तर कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर मधे लावून, आणि त्याआधी मल्टीमीटर सॉकेटमध्ये घालून बघतो. साधा यूपीएस जनरेटरवर बऱ्याचदा टकटक करत बॅटरीवर जातो, कारण जनरेटरची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवर नीट टिकत नाही. ऑनलाईन यूपीएस (येणारी वीज आत बदलून सतत स्वतःचीच स्थिर वीज देणारा) चांगला, पण तो जड, उचलणार कोण?

मी वायरमन नाही, जनरेटरच्या पेटीत स्वतः हात घालू नका, न्यूट्रलचा नट आवळायला त्यांच्याच माणसाला सांगा, हवं तर चहा पाजा. आणि पंगती उठायच्या आधी चार्जर काढा, केटरर सगळे हॅलोजन एकदम बंद करतो तेव्हाही व्होल्टेज उसळतं.