उंदराला चारलेला रंग नि आपली हळद

प्रश्न : आम्ही विश्रामबागला राहतो. यंदा गडबडीत पावडर हळद आणली, ती एवढी पिवळीधमक की मुलगी म्हणाली, आई, यात मेटॅनिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग असणार, उंदरांवर टेस्ट झाल्यात त्याच्या, टाकून दे. सासूबाई म्हणतात, उंदराला झालं म्हणून माणसाला कशाला होतंय? कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सासूबाई उगीच काही बोलत नाहीयेत हं. उंदीर नि माणूस एक नाहीच. अमेरिकेत रेड 3 म्हणजे एरिथ्रोसिन हा रंग खाण्यातनं काढायचा आदेश निघाला जानेवारी 2025 ला, का तर नर उंदरांना थायरॉइडच्या गाठी आल्या, पण आदेश काढणारेच म्हणाले की उंदरात हे ज्या वाटेनं होतं ती वाट माणसात नाही, फक्त तिथला कायदा असा की जनावराला कॅन्सर झाला की रंग बाद.

पण हे उलटंही होतं, म्हणजे माणसाला होतं नि उंदराला होत नाही, आणि ते जास्त वाईट. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जननं 1895 मध्येच दाखवलं होतं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतोय. पुढं संशय आला 2-नॅफ्थिलअमाइन या रंग बनवायच्या रसायनावर, उंदरांवर करून बघितलं तर मूत्राशयाला काहीच होईना, शेवटी 1938 मध्ये ह्यूपर या संशोधकानं कुत्र्यांना दिलं तेव्हा कुठं तोच कॅन्सर दिसला. मधल्या काळात कामगार मरतच होते.

म्हणून खाण्यात परवानगी असलेल्या रंगांना काय करतात, जनावराला ज्या डोसला काहीच झालं नाही तो धरायचा नि साधारण 100 नं भागायचा, येईल ती माणसाची रोजची मर्यादा, 10 पट जनावर-माणूस फरकाला, 10 पट माणसामाणसातल्या. मेटॅनिल यलोला हे गणितच लागू नाही, कारण आपल्याकडं तो खाण्यात चालतच नाही, आणि हळद पावडरीत तर कुठलाच रंग घालायचा नसतो. निम्हान्स या बंगळूरच्या मेंदू-मनोविकार संस्थेच्या लोकांनी 1993 ला छापलंय, उंदरांना तो बरेच दिवस चारला तर मेंदूतली रसायनं हलली, शिकण्यावर परिणाम झाला. माणसात तसंच होईल का, हे बघत बसायला आपण कशाला तो खायचा?

ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका, हलवू नका, नुसतं बघा. खाली बसताना फिकट पिवळं आलं तर ठीक, गडद पिवळं उतरलं तर शंका. अॅसिडची टेस्ट घरी नको, कॉलेजच्या लॅबवाल्याला सांगा, कडक हायड्रोक्लोरिक अॅसिडनं साधी हळदही लालसर होते, पण पाणी घातलं की तो रंग जातो, मेटॅनिलचा जात नाही.

आणि खरं सांगू का, सांगलीत राहून पावडर आणायची म्हणजे कमाल आहे! हळकुंडं घ्या, पण तीही वरनं रंग चोळलेली असतात कधीकधी, तेव्हा एखादं ओल्या फडक्यानं पुसा नि मोडून बघा, फडक्याला भसाभसा रंग लागला नि आत मात्र फिकट, तर तिथल्या तिथं परत द्या.