धोकादायक इमारत, शाळेतील मुक्काम आणि सासूबाईंच्या गोळ्या

ताई, आपला प्रश्न वाचताक्षणी ओळखीचा वाटला. इमारतीला तडे गेले म्हणून अग्निशमन दलाने रात्रीच सर्वांना बाहेर काढले, इमारत सील झाली आणि कोपरीतील महापालिका शाळेत मुक्काम पडला. सासूबाईंच्या लिथियमच्या, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या, गोळ्या घरातच राहिल्या, आठ वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओले करू लागली, आणि उद्या एक पथक येऊन सर्वांना गोल बसवून ‘त्या रात्रीबद्दल’ बोलायला लावणार आहे. त्याला जावे की नाही, असे आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यातच, दुसऱ्या भागात, आमचे कुटुंब याच अवस्थेत होते. आमच्याकडे रुग्ण माझा धाकटा भाऊ होता. मी डॉक्टर नाही, हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो, त्यामुळे गोळीच्या मात्रेबद्दल जे लिहीन ते डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून वाचावे, सूचना म्हणून नव्हे.

आपण समुपदेशनाचा प्रश्न पहिला आणि गोळ्यांचा शेवटी लिहिला आहे. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. लिथियम अचानक बंद पडले तर उन्मादाचा झटका परतण्याचा धोका वाढतो, त्यामुळे सासूबाईंना ‘सध्या बऱ्या दिसताहेत’ म्हणून थांबू नये. आजच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करावा. ते भेटत नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती दिवसरात्र असते आणि मराठीत बोलता येते. फोनवरून हातात गोळी मिळत नाही हे खरे, परंतु किती दिवसांचा खंड पडला आहे आणि पुन्हा कशी सुरुवात करावी, हे समजणाऱ्या माणसाशी बोलणे होते. प्रत्यक्ष औषधासाठी आपल्याला ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ आहे. १९०१ पासूनची ही संस्था आहे आणि तिच्या बाह्यरुग्ण विभागात जाणे म्हणजे कोणाला भरती करणे नव्हे, हे नातेवाइकांना ठणकावून सांगावे, कारण ‘लोक काय म्हणतील’ या चर्चेतच अर्धा दिवस जातो.

आमचे ज्यामुळे सर्वाधिक नुकसान झाले, ते आता सांगतो. इमारत रिकामी करण्याबद्दल माझी तक्रार नाही. मुंब्र्याच्या लकी कंपाउंडमध्ये ४ एप्रिल २०१३ रोजी इमारत कोसळून ७४ माणसे गेली, हे ज्याला आठवते तो ठाणेकर रात्री दोन वाजता बाहेर काढले म्हणून कुरकुर करणार नाही. तक्रार त्यानंतरच्या एका कक्षाबद्दल आहे. तो कोणाचा होता हे मी लिहिणार नाही. तेथील माणसे बदलली असतील आणि नाव घेऊन आता काही साधणार नाही. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून विस्थापितांची आरोग्यविषयक नोंद होत होती. वहीवर पट्टीने रकाने आखलेले होते: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गरोदर, इतर. भावाला स्किझोफ्रेनिया असून त्यावरचे क्लोझापीन हे औषध चालू आहे, असे मी सांगितल्यावर नोंद घेणाऱ्या बाईंनी क्षणभर वर पाहिले, ‘इतर’मध्ये ‘गोळ्या चालू’ एवढेच लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. कोणत्या गोळ्या, किती, शेवटची कधी घेतली, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. त्याच रांगेत मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिन कोठे मिळेल ते चिठ्ठीवर लिहून मिळत होते आणि ते मिळायलाच हवे होते.

औषध मागायला गेलो तर मूळ केसपेपर आणणे आणि रुग्णाने समक्ष येणे, अशा दोन अटी पुढे आल्या. केसपेपर सील केलेल्या घरातील कपाटात होता आणि गर्दीला बिचकणारा भाऊ वर्गाच्या कोपऱ्यातून हलायला तयार नव्हता. घरातून कागद काढण्यासाठी परवानगीचे पत्र लागते, ते दुसऱ्या टेबलावर मिळते, असे कळले; त्या टेबलावर सांगण्यात आले की पत्र केवळ शिधापत्रिका, आधार आणि दागिन्यांसाठी देतात, ‘दवाखान्याचे कागद’ त्यात बसत नाहीत. या खेपांमध्ये खंड वाढत गेला. अखेर ओळखीच्या माणसामार्फत गोळ्या मिळाल्या, तेव्हा त्याच कक्षातून ‘पूर्वी घेत होता तेवढ्याच द्या’ असे सांगितले गेले. रात्री भाऊ नळावर जायला उठला आणि तेथेच चक्कर येऊन कोसळला.

त्याच्या डॉक्टरांशी संपर्क झाल्यावर कारण समजले. क्लोझापीन ४८ तासांपेक्षा अधिक काळ चुकले तर जुनी मात्रा एकदम देत नाहीत, कारण शरीराची सवय सुटलेली असते आणि रक्तदाब झपकन उतरू शकतो. सामान्यतः साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू चढवावी लागते. म्हणजे काही आठवड्यांची चढण पुन्हा पहिल्या पायरीपासून, आणि त्या काळात त्याला ऐकू येणारे आवाज परतले ते संपूर्ण पावसाळाभर राहिले. इमारतीच्या तड्यांनी आमचे घर घेतले. पण वहीतील त्या एका रकान्याच्या अभावाने जे घेतले, त्याची भरपाई कोणत्याही पंचनाम्यात मागता येत नाही. राग अजून गेलेला नाही, हे माझ्या भाषेवरून आपल्या लक्षात आलेच असेल.

म्हणून आपण टेबलावर जाल तेव्हा विनंतीच्या सुरात जाऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि आवश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्र व त्यावरील सरकारी रुग्णालयांत सर्वकाळ मोफत उपलब्ध असावीत, अशी तरतूद कलम १८ मध्ये आहे. समोरच्या माणसाला ती ठाऊक असेलच असे नाही. शांतपणे, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन बोलावे. अर्जात औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख व वेळ लिहावी. जुन्या औषधाच्या बिलाचा किंवा गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये सापडला तर तोही जोडावा. नेहमीच्या औषधविक्रेत्याकडेही नोंद असते, हे आम्हाला फार उशिरा सुचले.

लिथियमबद्दल एक गोष्ट शिबिरात कोणी सांगणार नाही म्हणून लिहितो. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते, आणि सामूहिक स्वयंपाक, पावसाळा व अपुरी स्वच्छतागृहे असली की जुलाब ठरलेलेच. शिवाय फरशीवर झोपून पाठ धरली म्हणून अंगदुखीच्या गोळ्या सढळ हाताने वाटल्या जातात; त्यांतील आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनीही लिथियमची पातळी वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सासूबाईंना अशी गोळी कोणाला देऊ देऊ नये. गोळी पुन्हा चालू झाल्यावर जुलाब-उलट्या, हातांची जास्त थरथर, झोकांड्या किंवा बोबडे बोलणे दिसले तर पुढची मात्रा देण्याआधी रुग्णालय गाठावे.

आता उद्याच्या पथकाबद्दल. माझे मत कडक आहे आणि अनेकांना ते पटणार नाही. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून काय पाहिले, काय वाटले हे क्रमाने वदवून घेण्याची पद्धत उपयोगी नसल्याचे दिसून आल्याने जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. २०११ मध्ये तिने इतर संस्थांसह प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे ही तीनच कामे सांगितली आहेत, आणि कोणालाही बोलण्याचा आग्रह करू नये, असे तीत बजावले आहे. जोडून देणे म्हणजे सासूबाईंना औषधाशी, हरवलेल्याला घरच्यांशी, भाडेकरूला त्याच्या हक्काच्या माहितीशी. बोलावेसे वाटले तर जावे, वाटले नाही तर ‘आत्ता नको’ म्हणावे, आणि मुलीला तर त्या वर्तुळात मुळीच बसवू नये. पथकातील मुले-मुली बहुधा मनापासून आलेली असतात, हे मान्य. तरी आमच्याकडे एकाच दिवसात वेगवेगळ्या गटांनी माझ्या आईला तेच ते विचारले, तेव्हा शेवटी तिने ‘बाळा, आधी तिथला दिवा लाव’ असे सांगितले. स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्री अंधार असे आणि बायका पाणी पिणेच टाळत. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मानसिक आधाराची रचना पिरॅमिडसारखी मांडली आहे आणि त्याच्या पायाशी सुरक्षितता व मूलभूत सोयी आहेत. तज्ज्ञांची सेवा टोकाला, मोजक्यांसाठी. तेव्हा दिवा, कपडे बदलण्यासाठी पडदा आणि ‘घरी कधी जाता येईल’ याबद्दल रोज ठरावीक वेळी कोणीतरी खरे सांगणे, हा सगळा मानसिक आधारच आहे, आणि तो मागताना संकोच करू नये.

मुलीच्या बाबतीत फार घाबरू नका. अशा धक्क्यानंतर त्या वयाच्या मुलांनी अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, ताट पडल्याच्या आवाजाने दचकणे हे पुष्कळदा दिसते. लघवीच्या संसर्गासारखे शारीरिक कारण नाही ना, एवढे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. शिक्षा किंवा चारचौघांत उल्लेख नको. तिची शाळा, झोपेची वेळ आणि खेळ जमेल तेवढा पूर्ववत करावा. महिना उलटून गेल्यावरही तीच दृश्ये डोळ्यांपुढे येणे, इमारतीत शिरायलाच भिणे, झोप न लागणे चालू राहिले तर मात्र प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्या टप्प्यावर उपयोगी पडणारे उपचार आहेत. तोवर कोणी आपल्याला किंवा मुलीला ‘शांत झोप लागेल’ म्हणून अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारखी गोळी देऊ केली तर घेऊ नये. पहिल्या महिन्यात धक्क्याच्या लक्षणांसाठी ती देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३ पासूनचे मत आहे. अर्थात ज्यांना ती आधीपासून रोज चालू आहे त्यांची अचानक बंदही करू नये, तो वेगळाच घोळ होतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडेसे. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करायची. आपली इमारत कोणत्याही प्रवर्गात असली तरी घरात मानसिक आजाराचे औषध चालू असलेली व्यक्ती असेल, तर आठवड्याच्या गोळ्या आणि केसपेपरची प्रत शिधापत्रिकेच्या पिशवीतच ठेवावी. त्या व्यक्तीने साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून ठेवावा. २०१७ च्या कायद्यात तशी सोय आहे आणि उपचारांबद्दल माहिती मागताना त्याचा उपयोग होतो. सोसायटीच्या आपत्कालीन यादीत मात्र आजाराचे नाव देऊ नये. ‘रोजचे औषध अनिवार्य’ एवढी नोंद पुरते. नाव एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गेले की परत येत नाही.

आणि ताई, सासूबाईंची गोळी पूर्ववत चालू झाली की साधारण आठवड्याने रक्तातील लिथियमची पातळी तपासायला डॉक्टर सांगतील. ते रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी द्यायचे असते. तेव्हा त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच द्यावी, नाहीतर आकडा जास्त येतो आणि विनाकारण मात्रा कमी केली जाते.