काउंटरवरून केबिनकडे

प्रश्न : नाशिकच्या एका सुपरमार्केटमध्ये मी बिलिंगला आहे. आमच्याच शाखेत सहायक व्यवस्थापकाची जागा निघाली आहे. मुलाखतीत काय विचारतील? इंग्रजी जेमतेम येतं.

उत्तर : ताई, याच पदासाठी मी मुलाखती दिल्या, पुढे घेतल्याही. निव्वळ इंग्रजीवरून मी तरी कुणाला परत पाठवलं नाही. "मोजणीत स्टॉक कमी भरला तर काय कराल?" यावर मात्र भलेभले गडबडतात. कॅमेरे वाढवू म्हणतात! अहो, घट काय फक्त चोरीने होते? आवक उतरवताना एखादी पेटी कमी, सुट्ट्या डाळीची सांडलवंड, तारीख उलटलेलं दही, चुकीच्या कोडवर निघालेलं बिल. तुम्ही हे रोज बघता, तेच सांगा.

मला एकदा विचारलं, रॅकच्या पट्टीवर ९२ रुपये, बिलात ९८, गिऱ्हाईक ओरडतंय. मी म्हटलं, आधी ९२च घेईन. पट्टी कुणी बदलली नाही ते नंतर बघेन. साहेब हसले, पण लिहून घेतलं.

वजनकाट्याचं दरवर्षीचं मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का, दर्शनी भागात एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना, एवढं पाठ ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा जुन्या छापील किमतीच्या मालाचं काय केलंत, हेही विचारू शकतात.

दिवाळीत साप्ताहिक सुट्टी बुडते. तिच्या बदल्यात सुट्टी कधी देतात, हे तुम्हीच विचारा. बिनधास्त.