व्हीएलसीमध्ये वाजणारं क्रिएटिव्ह कॉमन्सचं गाणं माझ्या व्हिडिओत वापरता येईल का?

परवान्यावर अवलंबून आहे, प्लेअरवर नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कलाकारानं आपलं काम वापरायला ठरावीक अटींवर सगळ्यांना आधीच दिलेला परवाना. व्हीएलसी हे पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेलं सुंदर सॉफ्टवेअर, २००१ पासून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुलं. एमपी३, ऑग, फ्लॅक सगळं वाजवतं. पण ती मोकळीक सॉफ्टवेअरची, त्यात वाजणाऱ्या गाण्याची नव्हे.

गाणं जिथून उतरवलंत त्या पानावरची परवान्याची अक्षरं बघा. नुसतं 'बीवाय' (श्रेय द्या) असेल तर कलाकाराचं नाव, गाण्याचं नाव, मूळ पानाचा आणि परवान्याचा दुवा वर्णनात द्या, गाण्यात बदल केला असेल तर तेही सांगा. 'एनसी' (व्यावसायिक वापर नको) असेल तर जाहिरातींतून कमाई करणाऱ्या चॅनेलसाठी ते टाळाच. 'एसए' (त्याच अटींवर पुढे द्या) असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. सगळ्यात जास्त लोक फसतात ते 'एनडी'ला, म्हणजे 'बदल करून वाटू नका' या अटीला. गाण्याला हातही लावला नाही, मग अडचण कसली, असं वाटतं. पण चित्राला संगीत जोडणं हाच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नियमांत बदल धरला जातो, म्हणून ते गाणं व्हिडिओत चालत नाही. ऐका मात्र खुशाल.

आणि परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, पण पान उद्या नाहीसं होऊ शकतं.