कडी

"हिला एकटं कसं सोडायचं?" फिट येणाऱ्या मुलामुलींचे आईवडील समोर बसले की दुसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. मी आधी विचारते, आजवर लागलं कुठे? बहुतेक वेळा उत्तर घरातलंच निघतं. मोरीत, नाहीतर ओट्यापाशी.

भांडुपची एक आई बारावीतल्या लेकीला घेऊन आली. "दार फोडावं लागलं मॅडम. कपाळाला सहा टाके." तेव्हापासून आंघोळीला आई आत उभी, कॉलेजला बाबा सोबत, गॅसला हात लावायचा नाही. मुलगी तीन भेटी गप्प. चौथ्या वेळी मी आईला खाली चहा प्यायला पाठवलं.

"कडी का लावतेस गं?"

"एका खोलीत पाच जण राहतो. कडी लावली की माझ्याकडे कुणी बघत नाही. एरवी सगळे बघतात, आता पडेल का म्हणून."

'कडी काढून टाका' हे पहिल्याच दिवशी माझ्या जिभेवर होतं. बोलले नाही, ते बरं केलं. ती कडी म्हणजे तिची खोली होती. वयात आलेल्या मुलांवर लादलेला नियम पंधरा दिवस टिकतो, त्यांनी स्वतः केलेला टिकून राहतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

"कडीशिवाय एकटी कशी राहशील, तूच ठरव," म्हटलं. पुढच्या वेळी ती वहीचं पान घेऊन आली. दारावर लाल ओढणी टांगलेली असेल तर कुणी आत यायचं नाही. आत ती गुणगुणणार. आवाज थांबला तर हाक, ओ आली नाही तर दार उघडायचं. बुटकं स्टूल, अर्धीच बादली. दार बाहेर उघडणारं करून घ्या, एवढी भर मी घातली. आत पडलेलं माणूस दाराला अडकलं तर दार ढकलता येत नाही.

बाकीचं मग भराभर ठरलं. तळण नको, आणि गरम पातेलं उचलायचं नाही, ताट ओट्याशी न्यायचं. लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, गाडी थांबेपर्यंत फलाटाच्या कडेपासून लांब. गोळी चुकवायची नाही, जागरण नाही, गणपतीतसुद्धा! मैत्रिणीला सांगून ठेवायचं: कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, कांदा-चप्पल हुंगवू नको, घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

"आणि माझ्या जिवाला घोर लागतो त्याचं काय?" आईने विचारलं.

"दाराबाहेर लसूण सोलत बसा."

मध्ये एकदा गुणगुणणं थांबलं. आईने दार ओढलं. पोरगी स्टुलावरून घसरलेली, कोपर खरचटलेलं. बस्स, तेवढंच.

परवा आईचा फोन आला. मी जरा दचकूनच उचलला.

"मॅडम, अख्खा पाव किलो लसूण सोलून होतो, हिची आंघोळ काही संपत नाही!"