एमएलबी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत कोण कुठे जाईल, याचा अंदाज कसा बांधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात दर जुलैमध्ये एमएलबीच्या (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगच्या) ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीची तीस नावं लिहून द्यायची असतात, तुम्ही या नव्या खेळाडूंच्या रँकिंगमधली पहिली तीस नावं त्याच क्रमाने उतरवून काढता आणि जेमतेम दोन-तीन जागी जुळतात. मग चुकतं कुठे?

रँकिंग सांगतं की चांगला कोण. संघापुढचा प्रश्न निराळा असतो: हातात ठरलेली रक्कम आहे, तेवढ्यात वीस फेऱ्यांमधून जास्तीत जास्त काय पदरात पडेल? त्यामुळे अंदाजाच्या वहीत पहिला रकाना पैशाचा हवा, गुणांचा रकाना त्याच्यानंतर.

आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर ती आधी बाजूला ठेवा. इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने नाव घेतात, नाव घेतलं की त्या खेळाडूशी फक्त तोच संघ करार करू शकतो. पण खेळाडूवर सक्ती नसते. हायस्कूल संपवलेला मुलगा पैसे पटले नाहीत तर सरळ कॉलेजात जातो. म्हणून ‘हा किती रकमेला सही करेल’ हे संघ आधीच चाचपून ठेवतात. बरेचदा आकडा नाव पुकारण्यापूर्वीच ठरलेला असतो.

२०१२ पासूनची पद्धत अशी आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम नेमून दिलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. संघाच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा बोनस पूल. ही बेरीज कुणाला किती वाटायची ते संघाच्या हातात. पूल ५ टक्क्यांपर्यंत ओलांडला तर वरच्या रकमेवर ७५ टक्के कर बसतो. त्यापुढे गेलं तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडच जाते, म्हणून ती रेघ संघ ओलांडत नाहीत. आणखी एक कलम नीट लक्षात ठेवा: खेळाडूने सही केली नाही तर त्याचा स्लॉट पूलमधून वजा होतो. म्हणजे नकार मिळाला की खेळाडूही गेला आणि पैसेही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते टेक्सस रेंजर्सच्या २०२२ च्या ड्राफ्टवरून पाहा. त्यांची निवड तिसरी होती, स्लॉट सुमारे ७५ लाख ८७ हजार डॉलर. तिथे त्यांनी कुमार रॉकर या पिचरचं (चेंडू फेकणाऱ्याचं) नाव घेतलं आणि सगळे चकित झाले. (कुमारची आई भारतीय वंशाची, नाव तिथून आलंय.) आदल्या वर्षी मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं होतं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार झाला नव्हता. रेंजर्सनी त्याला ५२ लाख दिले. वाचले जवळपास २४ लाख. आता पुढची ओळ पाहा: कोरी सीगर आणि मार्कस सेमियन या करारमुक्त खेळाडूंना घेतल्याची किंमत म्हणून रेंजर्सची त्या वर्षीची दुसरी आणि तिसरी फेरी गेली होती. थेट चौथ्या फेरीत त्यांनी ब्रॉक पोर्टर हा पहिल्या फेरीच्या तोडीचा मानला जाणारा हायस्कूल पिचर उचलला आणि त्याला ३७ लाख दिले. तिसरी निवड एकटी पाहिली तर अतर्क्य वाटते, दोन्ही नावं शेजारी ठेवली की हिशेब लागतो.

यातून निघणारी खूण फार उपयोगाची आहे. दुसरी फेरी गमावलेला संघ दिसला की पहिल्या निवडीत स्वस्त सौदा होण्याची शक्यता वाढवून धरा. बॉस्टन रेड सॉक्सनी २०२० मध्ये हेच केलं. दंड म्हणून त्यांची दुसरी फेरी गेली होती. सतराव्या क्रमांकावर त्यांनी निक यॉर्कला घेतलं, जो बहुतेकांच्या यादीत पहिल्या फेरीत नव्हताच. त्याला २७ लाख दिले, स्लॉट सुमारे ३६ लाखांचा होता. मग तिसऱ्या फेरीत ब्लेझ जॉर्डनला साडेसतरा लाख.

पहिल्याच क्रमांकावर असं होतं तेव्हा पूर्ण यादी हलते. २०१२ मध्ये अंदाज वर्तवणाऱ्यांचा कल मार्क अपेलकडे होता. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी कार्लोस कोरेआला घेतलं, ७२ लाखांच्या स्लॉटवर ४८ लाख दिले आणि उरलेल्यातून लान्स मॅककलर्सला ४१व्या क्रमांकावर २५ लाख दिले. अपेल घसरत आठव्यावर पायरेट्सकडे गेला, त्यांची ३८ लाखांची रक्कम त्याने नाकारली. २०२१ मध्ये पायरेट्सनी हेन्री डेव्हिसला पहिलं घेऊन ६५ लाख दिले, स्लॉट ८४ लाखांचा होता. तिसऱ्या फेरीतल्या बबा चँडलरला ३० लाख देता आले ते त्यामुळेच. त्या वर्षी पहिल्या क्रमांकासाठी गाजलेला मार्सेलो मेयर चौथ्यावर बॉस्टनला मिळाला.

आता वही कशी आखायची ते सांगतो.

आधी क्रम. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत निघते, म्हणून ‘सर्वांत जास्त हरलेला संघ पहिला’ हे गृहीत धरू नका. क्लीव्हलँड गार्डियन्सना २०२४ ची पहिली निवड २ टक्के शक्यतेवर लागली. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, तरी २०२५ मध्ये त्यांची निवड दहावी होती, कारण लागोपाठ सोडतीत बसण्यावर निर्बंध आहेत. ज्यांच्या पगारखर्चाने वरची मर्यादा ओलांडली त्यांची पहिली निवड दहा जागा खाली सरकते. २०२५ मध्ये मेट्स, यांकीज आणि डॉजर्स असे ३८ ते ४० वर गेले आणि पहिली फेरी प्रत्यक्षात २७ निवडींची झाली. अठ्ठाविसावी निवड रॉयल्सना बॉबी विट ज्युनियर या त्यांच्या खेळाडूच्या कामगिरीबद्दल बक्षीस म्हणून मिळालेली जादा निवड होती. तुमच्या ऑफिसातली ‘तीस नावं’ यात नेमकी कुठवर धरायची, हे खेळ सुरू होण्याआधीच ठरवून घ्या, नाहीतर वाद होतात.

क्रमाशेजारी प्रत्येक संघाचा पूल, पहिल्या निवडीचा स्लॉट आणि दुसरी निवड कितव्या क्रमांकावर आहे, हे तीन आकडे लिहा. दुसरी निवड पस्तीस-चाळीसच्या आसपास असेल तर वाचवलेले पैसे तिथे घालायला जागा आहे.

मग खेळाडू. एक ते तीस अशी उतरंड लिहू नका, गट करा. ‘हे पाच जवळपास सारखे, त्यानंतर दरी, मग हे नऊ.’ वरचा गट पाचांचा असेल आणि तुमचा संघ सहावा असेल, तर तिथे आश्चर्याची जागा आहे. वरचे पाच संपले की सहावा आणि चौदावा यांच्यात संघाला फारसा फरक दिसत नाही, मग स्वस्त असेल तो घेतात. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, कॉलेज की हायस्कूल, वैद्यकीय अडचण आणि मागणीचा आकडा (कुठे छापून आला असेल तर) लिहा. वयाला संघांच्या मॉडेलमध्ये मोठं वजन असतं. हायस्कूलचा मुलगा ड्राफ्टच्या दिवशी १९ पूर्ण झालेला असेल तर तो खाली सरकतो, १७ चा असेल तर वर. उजव्या हाताचा हायस्कूल पिचर ही सर्वांत धोक्याची जात मानली जाते. १९६५ मध्ये ड्राफ्ट सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत असा एकही पिचर पहिल्या क्रमांकावर गेलेला नाही. दुसऱ्यावर गेलेत, हंटर ग्रीन २०१७ मध्ये गेला. पण रँकिंगमध्ये असा पिचर पाचवा असेल तर मी त्याला आठ ते बारामध्ये लिहितो.

तिसरा रकाना संघाच्या सवयीचा. इथे संघाचं नाव महत्त्वाचं नाही, निर्णय घेणारा माणूस महत्त्वाचा. माइक इलायस आल्यापासून बॉल्टिमोर ओरिओल्सनी २०१९ ते २०२५ पहिल्या फेरीत एकही पिचर घेतला नाही. त्यांच्या पुढे पिचरचं नाव लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. लॉस एंजेलिस एंजल्सना मेजर लीगमध्ये लवकर पोचणारा कॉलेज खेळाडू हवा असतो: २०२२ मध्ये झॅक नेटो, २०२३ मध्ये नोलन शॅन्युएल (जुलैत निवड, १८ ऑगस्टला मेजर लीगमध्ये पदार्पण), २०२४ मध्ये क्रिश्चन मूर. हे माहीत असणाऱ्याने २०२५ मध्ये त्यांच्या दुसऱ्या क्रमांकावर हायस्कूलचं नाव लिहिलं नसतं. आणि माणूस बदलला की रकाना कोरा करा. वॉशिंग्टन नॅशनल्सनी २०२५ मध्ये ड्राफ्टच्या आठवडाभर आधी माइक रिझोंना काढलं, त्यांच्या जुन्या सवयींवरून पहिला क्रमांक ओळखण्यात मग अर्थ उरला नव्हता.

त्या वर्षाचे वरचे चार क्रमांक पैशाच्या नजरेने पुन्हा वाचा. चर्चा केड अँडरसन आणि ईथन हॉलिडेची. नॅशनल्सनी १७ वर्षांच्या ईलाय विलिट्सला घेतलं, १ कोटी १० लाख ७५ हजार ९०० च्या स्लॉटवर ८२ लाख. एंजल्सनी टायलर ब्रेम्नर घेतला, ज्याला दुसऱ्या क्रमांकावर फारसं कुणी धरलं नव्हतं. त्याचा स्लॉट १ कोटी २ लाख ५२ हजार ७०० होता आणि त्याला मिळाले सुमारे ७६ लाख ९० हजार. भागाकार करून पाहा, बरोबर ७५ टक्के. हा आकडा योगायोगाचा नाही. ड्राफ्टआधीची वैद्यकीय तपासणी करून दिलेल्या खेळाडूला स्लॉटच्या किमान ७५ टक्के रक्कम देऊ करावी लागते. म्हणून तपासणी दिलेला खेळाडू संघाला किती स्वस्त पडू शकतो याचा अंदाजे तळ तुम्हाला स्वतः काढता येतो: स्लॉटला पाऊणने गुणा. त्याखाली खेळाडूने स्वतः मान्य केलेले सौदे: विलिट्सचा सुमारे ७४ टक्के, रॉकरचा त्याहून कमी. तिसऱ्यावर मरिनर्सनी अँडरसनला घेतलं आणि हॉलिडे चौथ्यावर रॉकीजकडे गेला, तिथे त्याला ९० लाख मिळाले. घसरणारा मोठा खेळाडू कुठे थांबतो, तर त्याची मागणी पेलेल असा पूल असलेल्या पुढच्या संघापाशी. कुणी घसरला की पुढच्या सात-आठ संघांचे पूल चाळा, उत्तर बहुधा तिथेच असतं.

नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते ‘संघाला काय कमी आहे’ या विचारात. अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या ड्राफ्टमध्ये तो चालतो, कारण खेळाडू त्याच वर्षी उतरतो. बेसबॉलमध्ये निवडलेला मुलगा बहुधा दोन ते पाच वर्षं मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरच्या स्पर्धांत) घालवतो, शॅन्युएल हा अपवाद. ओरिओल्सकडे ॲडली रट्शमनसारखा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) असतानाही त्यांनी २०२५ मध्ये १९ वर आईक आयरिश आणि ३० वर केडन बोडीन घेतले, दोघेही कॅचर. दुसरी फसगत ‘वर सरकण्यासाठी संघ निवड विकत घेईल’ ही. पहिल्या फेरीच्या नेहमीच्या निवडींचा व्यापार होतच नाही, फक्त ‘कॉम्पेटिटिव्ह बॅलन्स’ निवडी (लहान संघांना मिळणाऱ्या जादा निवडी) देता-घेता येतात. गावचा मुलगा गावच्या संघाकडे जाईल हाही कच्चा आधार आहे. हॉलिडेचे वडील रॉकीजकडून खेळलेले, त्यामुळे ती गोष्ट सुंदर जमली, पण दोन जागा वर त्याच्यासाठी कुणी पैसे ओतले असते तर ती जमली नसती.

मॉक ड्राफ्ट (पत्रकारांनी आधीच लिहिलेले निवडीचे अंदाज) वाचताना नाव वाचून पुढे जाऊ नका, खालचा परिच्छेद वाचा. जिम कॅलिस, जोनाथन मेयो, कीथ लॉ, काइली मॅकडॅनियल हे लोक तिथे लिहितात की या संघाचा आणखी कोणत्या दोघांशी संबंध जोडला जातोय. एकाच खेळाडूची एकाच संघाशी जोडी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिली असेल तर ती धरा. तिघांची वाक्यं एकसारखी असतील तर माहिती एकाच तोंडातून आलेली असते, तिला एकदाच मोजा. मे महिन्यातले मॉक बहुतांशी गुणांवर असतात, जूनमधल्या कंबाइननंतर (ड्राफ्टआधी खेळाडूंची चाचणी घेणाऱ्या मेळाव्यानंतर) वैद्यकीय गोष्टी कळू लागतात, आणि पैशाची खरी बातमी ड्राफ्टच्या दिवशी सकाळी बाहेर येते. म्हणून तुमची यादी शेवटच्या तासाला द्या.

पहिल्या क्रमांकासाठी दोन-तीन शक्यता असतील तर प्रत्येकीखाली पुढचे पाच क्रमांक वेगळे लिहून काढा आणि सर्वांत संभवनीय रांग पूर्ण उचला. एका रांगेतला पहिला, दुसरीतला तिसरा अशी सरमिसळ केली की पाचही चुकतात, कारण ते एकमेकांवर अवलंबून असतात.

शेवटी तुमच्या ऑफिसातले गुण कशाला मिळतात ते पाहा. नेमक्या जागेलाच गुण असतील तर पूर्णवेळ हेच काम करणाऱ्यांचेही अचूक अंदाज बहुतेक वर्षी एक आकड्यात राहतात, तेव्हा सहा-सात जुळले तरी तुम्ही चांगले. अशा वेळी पहिल्या दहावर वेळ घालवा. फेरीत नाव असण्यालाही गुण असतील तर वीसच्या खालच्या जागांवर ओळीने कॉलेजचे, वैद्यकीय अडचण नसलेले, फलंदाजीचे आकडे भक्कम असलेले खेळाडू लिहा. पिचर तिथे कमी ठेवा, आणि मोठी मागणी असलेला हायस्कूलचा मुलगा तर अजिबात नको. पंचविसाव्याला त्याला पैसे पुरले नाहीत तर तो चाळिसाव्याला कुणाच्या तरी वाचवलेल्या रकमेवर सही करतो, आणि तुमच्या तिसांत त्याची जागा रिकामी जाते.