भुसावळचा मे आणि ९/५
भाऊ, प्रोग्रॅमिंग शिकतोयस तर लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड, नुसता पाठ करत बसू नको. भुसावळचं मे महिन्यातलं तापमान घे आणि सेल्सिअसचं फॅरनहाइट करून बघ: ९/५ने गुणायचं आणि ३२ मिळवायचे. पायथन भाषेत लूपला आकडे पुरवणाऱ्या रेंजला ४० आणि ४८ दिलेस तर शेवटची ओळ ४७ची येते, कारण दुसरा आकडा ती धरत नाही. इथे सगळेच एकदा अडखळतात.

मी सी भाषेत शिकलो. ४५ सेल्सिअससाठी आधी ९/५, मग गुणिले ४५, अधिक ३२ असं लिहिलं, तर उत्तर ७७! म्हणजे २५ सेल्सिअस. एवढा गारवा असता तर कूलर कशाला घेतला असता? सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश गळतात, ९/५चा १ होतो. ९.०/५ लिही, ११३ येईल. एक उत्तर आधी वहीत काढ, मगच लूप लाव. केळीचे क्विंटल-किलो नंतर कर, तिथे नुसतं १००ने गुणायचंय.